अर्धी रायफल

अमरावती
१६ जून २०२४

प्रिय रागिणीताई,
सप्रेम जयभीम.

आपली एअर रायफल पाठवते आहे. चिठ्ठी नेहमीसारखी झाकणाच्या आतल्या खिशात ठेवली आहे. लाल टेप माझ्या दीक्षाची, हिरवी तुमच्या प्राजक्ताची. तुमच्याकडे पोचली की खांद्याला टेकणारा बट आणि गालाची पट्टी हिरव्या खुणेवर आणायला प्राजक्ताला सांगा. पहिल्या वर्षी आपण एवढंच लिहायचो. आता चिठ्ठीची पत्रं झाली. फोन करावा तर तुमचा फोन तुमच्या दिरांच्या, जीवनभाऊजींच्या कृषी केंद्राच्या कामाला जुंपलेला असतो, आणि मी वलगावच्या दवाखान्यातून ड्युटी संपवून आले की कानाला काही लावावंसं वाटत नाही. कागद बरा. तो उलट विचारत नाही.

परवा नागपूरच्या दुकानदाराला फोन केला. नवी रायफल घ्यायची ऐपत नाही, पण भाव विचारायला काय जातं? त्यानं सांगितलेला आकडा ऐकून मी खुर्चीत बसले. म्हणाला, "ताई, नवा माल येऊनच नाही राह्यला. परवानगीत अटकून पडला. हे जुन्या जर्मन रायफली हायेत ना, त्याचेच भाव डबल झाले. तुमच्याकडं असन तं सांगा, उद्या गिऱ्हाईक पाठवतो."

म्हणजे तुमच्या-माझ्या घरानं अर्धे-अर्धे घालून जी जुनी रायफल घेतली, ती आता आपल्यालाच परवडणार नाही. हसू येतं आणि रागही येतो. बाहेरच्या देशातून रायफल कुणालाही मागवता येत नाही. नामवंत नेमबाज म्हणून शिक्का बसला की आपल्या नावावर मागवता येते, जकातही माफ होते. शिक्का कधी बसतो? राष्ट्रीय स्पर्धेत ठरलेले गुण पडले की. आणि गुण कधी पडतात? हातात चांगली रायफल रोज असली की. दीक्षाच्या हातात ती महिन्यातले पंधरा दिवस असते. बाकीचे पंधरा दिवस ती क्लबच्या रायफलीवर मारते. तिचा घोडा दाबला की छर्रा सोडायचा का नाही याचा विचार ती रायफल आधी करते, मग सोडते.

डिसेंबरअखेर राष्ट्रीय स्पर्धा आहे. वयाच्या हिशोबानं ज्युनियरमधलं हे तिचं शेवटचं वर्ष. म्हणून एवढंच सांगते, गेल्या वेळी पेटी चार दिवस उशिरा आली, या वेळी तसं करू नका. दीक्षाचे बाबा अकोल्याच्या एसटी गाडीवर आहेतच, कुठल्याही फेरीला द्या. प्रवासी विचारतात, "सुगतभाऊ, शिटाखाली काय हाये?" हे म्हणतात, सतार. परवा मूर्तिजापूरला एका म्हाताऱ्यानं वाजवून दाखवा म्हणून हट्ट धरला होता.

तुमची,
चंदा


अकोला
१ जुलै २०२४

प्रिय चंदाताई,
सप्रेम नमस्कार.

या वेळी वेळेवर पाठवते आहे, बघा. सुगतभाऊंना चहाला थांबा म्हटलं तर गाडीची वेळ झाली म्हणून निघाले. तुमच्या घरची माणसं कायम गाडीच्या घाईत.

इथे अजून नीट पाऊस नाही, नुसतं उकडतंय. घरात नऊ माणसं, दोन कूलर, आणि ज्या खोलीत कूलर नाही ती माझी. प्राजूची प्रॅक्टिस चालू आहे. संध्याकाळी स्वयंपाक झाला की छतावर आवाज येतोच, टप, टप. भाऊजी खाली दुकानाचा हिशोब करत असतात. कधी आवाज आला नाही तर लगेच विचारतात, "काहो वहिनी, आज पोरगी नाही गेली छतावर?" त्यांचं लक्ष असतं.

भाव वाढल्याचं त्यांच्याही कानावर आलंय. दुकानात येणाऱ्या कुणाचा तरी पुतण्या पुण्यात नेमबाजी करतो म्हणे. त्यानं सांगितलं, आता विकली तर सोनं, सहा महिन्यांनी सरकारनं आयात सैल केली तर माती. तेव्हापासून भाऊजी जेवताना माझ्याकडे बघतात. बिल त्यांच्या नावावर आहे हे तुम्हाला माहीतच आहे. प्राजूचे बाबा तेव्हा आजारी होते, पुण्याला जाऊन रायफल आणली ती भाऊजींनीच.

एक विनंती. आमची पाळी आली की पेटी सोळा तारखेच्या आत इथे पोचायलाच हवी. उशीर झाला तर चालेल असं म्हणू नका. कारण विचारू नका, घरातल्या घरात बरंच काही असतं.

दीक्षाला माझे आशीर्वाद. ती मोठी होईल. हे मी बोलायचं म्हणून लिहीत नाही.

तुमची,
रागिणी


अमरावती
५ ऑगस्ट २०२४

रागिणीताई,
जयभीम.

आज लांबण लावत नाही. रात्रपाळी करून आले आहे, डोकं ठणकतंय, तरी लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

काल पेटी उघडल्यावर दीक्षा म्हणाली, "आई, बट लालवरच हाये." मी म्हटलं, प्राजक्तानं परत लालवर आणून पाठवली असेल, शहाणी आहे पोरगी. तर म्हणाली, "नाई. मी तीन खेपांआधी स्क्रूवर नखपॉलिशचा ठिपका लावला व्हता. तो तुटला नाई. मागच्या तीन खेपा कोनी हात नाई लावला." प्राजक्ता दीक्षापेक्षा अर्ध्या डोक्यानं बुटकी. लालवर तिला गाल टेकवता येणार नाही, नेम धरणं तर लांबच. म्हणजे प्राजक्ता ही रायफल वापरत नाही.

पण कुणीतरी वापरतंय. सिलिंडरमधली हवा उतरलेली असते. छर्ऱ्यांचा डबा अर्धा होऊन येतो.

मी मनाशी म्हणत होते, असेल काही. तेवढ्यात रेंजवरच्या शिवमनं त्याच्या मोबाइलवर फोटो दाखवला. कुठल्यातरी खरेदी-विक्रीच्या ग्रुपवर आला होता. आपली रायफल, नळीजवळचा तो ओरखडा, आणि खाली तुमच्या दिवाणाची निळी चादर. मी ती चादर ओळखते, त्यावर बसून मी तुमच्याकडे पोहे खाल्लेत.

आता सगळं जुळलं. पेटी सोळा तारखेच्या आत का हवी, कारण का विचारायचं नाही. गिऱ्हाइकं येतात, तुम्ही त्यांना छतावर नेता, चार-दोन छर्रे मारून दाखवता, खरं ना? आणि मला लिहिता, पोरीची प्रॅक्टिस चालू आहे. माझी लेक क्लबच्या खटाऱ्यावर दात-ओठ खात मारते, रडते, उशीत तोंड खुपसून रडते म्हणजे मला ऐकू येऊ नये, आणि आपली रायफल तुमच्या दिवाणावर फोटो काढून घेते.

विकायची असेल तर तोंडावर सांगा. अर्ध्या पैशात मला बट पण येणार नाही आजच्या भावात, हेही तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.

चंदा


अकोला
१७ ऑगस्ट २०२४

चंदाताई,
सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा वाचायची हिंमत झाली नाही. राग नाही आला. थकायला झालं. खोटं बोलताना माणूस एवढं थकतं हे मला माहीत नव्हतं.

प्राजूनं फेब्रुवारीतच सोडलं. भांडण नाही, आजार नाही. एक दिवस छतावरून खाली आली, पेटी बंद केली आणि म्हणाली, "आई, मले नाई मारावं वाटत आता. बाबा व्हते तं त्याइच्यासाठी मारत व्हती." तेवढंच. त्या दिवसापासून ती नीट जेवते, झोपते, स्वयंपाकघरात गुणगुणते. तिला परत छतावर ढकलायला माझं मन झालं नाही.

पण हे घरात कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी रायफल गेली असती. प्राजूच्या बाबांनी जाण्याआधी भाऊजींकडून शब्द घेतला होता, घरात मारणारं कुणी आहे तोवर रायफल विकायची नाही. भाऊजी शब्दाचे पक्के. मारणारं कुणी नाही म्हटल्यावर मात्र ते एक दिवस थांबले नसते, आणि त्यांना तरी कसं चुकीचं म्हणू? भाव दुप्पट झालाय, उद्या आयात खुली झाली तर पडेल, आणि पुढच्या वर्षी प्राजूची ॲडमिशन करायची आहे. तो फोटो त्यांनीच टाकला. 'भाव काय येते ते पाहून राह्यलो फक्त,' असं मला म्हणाले. गिऱ्हाईक म्हणून घरात अजून कुणी पाऊल ठेवलेलं नाही.

म्हणून पेटी दर पाळीला इथे यायलाच हवी, दिवाणाशेजारी दिसायला हवी. आणि संध्याकाळी छतावर आवाज यायला हवा.

आता तुम्ही विचाराल, आवाज कोण करतं? मी करते, ताई.

हसा. मीसुद्धा पहिल्या दिवशी हसले. पोळ्या झाल्या की पदर खोचते, छतावर जाते, पाण्याच्या टाकीखालच्या भिंतीला कागद चिकटवते. छर्रा कसा भरायचा ते प्राजूनं दाखवलं. ती जिन्यात पुस्तक घेऊन बसते, कुणी वर येऊ लागलं की खोकते. स्क्रूला मी हात लावला नाही, दीक्षाचं काही बिघडेल म्हणून. लालवरच मारते. गाल पट्टीला पुरत नाही, खांदा दुखतो, छर्रा कागदाला लागला तरी मोठी गोष्ट. एकदा टाकीच्या नळाला लागला, दोन दिवस सगळं घर प्लंबरला शिव्या देत होतं.

हे आधी लिहायला हवं होतं. पण तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही पाळी नको म्हणाला असता, पेटी तिकडेच ठेवली असती, आणि इथे सगळं उघडं पडलं असतं. दीक्षाचा शिक्का बसेपर्यंत निभावून न्यायचं, एवढंच मनाशी धरलं होतं. माझ्या लेकीनं सोडलं म्हणून तुमच्या लेकीचं का सुटावं?

तुमची,
रागिणी


अमरावती
१५ सप्टेंबर २०२४

प्रिय रागिणीताई,
सप्रेम जयभीम.

काय लिहू? तुमचं पत्र मी बसमध्ये वाचलं, वलगावला उतरायचं विसरले आणि पुढच्या गावाहून परत आले. मी जे लिहिलं ते मागे घेते. माफी समोरासमोर मागेन, कागदावर मागितलेली स्वस्त वाटते.

दीक्षाला सांगितलं. तिनं पेटी उघडून बट बघितला. मग म्हणाली, "रागिणी काकूची उंची किती?" मी म्हटलं, माझ्या कानाएवढी. तिनं मला भिंतीशी उभं केलं, खांद्यापासून हात मोजला, आणि चिठ्ठीत काहीतरी आकडे लिहिले. पेटीत पिवळी टेप आहे. ती तुमची. बट आणि पट्टी पिवळ्यावर आणा, खांदा दुखणार नाही. तिनं वर एक ओळ लिहिली आहे ती तशीच देते: 'काकू, घोडा ओढू नका, दाबा. श्वास अर्धा सोडून थांबा. आणि घाई करू नका, कोणी मागं नाही लागलं.'

मी वाचून म्हटलं, हे तुझ्या आईला कुणी कधी सांगितलं नाही गं.

छतापलीकडे कुणाची खिडकी नाही ना, तेवढं बघा. मी नर्स आहे, मला असलीच स्वप्नं पडतात.

तुमची,
चंदा


अकोला
२० नोव्हेंबर २०२४

प्रिय चंदाताई,
सप्रेम नमस्कार.

आज मतदान करून आले, बोटाला शाई आहे, कागदावर डाग पडला तर समजून घ्या.

पेटी पाठवते आणि स्पर्धा होईपर्यंत परत मागत नाही. भाऊजींना सांगितलं, रायफल सर्व्हिसिंगला गेली. ते म्हणाले, "मंग आल्यावर बोलू." म्हणजे काय बोलायचं ते दोघांनाही माहीत आहे. पुण्याचा एक जण मागे लागलाय. निवडणुकीनंतर आयातीचे नियम बदलणार अशी हूल आहे, खरी का खोटी देव जाणे, पण तेवढ्यावर भाऊजींची झोप उडाली आहे.

पिवळी टेप बरोबर बसली. खांदा दुखत नाही. छर्रे आता कागदावरच जातात, काळ्या गोलातसुद्धा. प्राजू म्हणते, "आई, तू तं माह्यापेक्षा बरी मारून राह्यली." मी तिला गप्प बसवलं. पण खरं सांगू? रायफल खांद्याला लागली की घरातले नऊ जण, दुकान, भाजी, सगळं काही वेळ लांब जातं. आता महिनाभर ते नाही. संध्याकाळी काय करायचं हा प्रश्न मला पंचवीस वर्षांत पडला नव्हता.

दीक्षाला म्हणावं, घाई करू नको, कुणी मागे लागलं नाही. तिचंच वाक्य तिला परत.

तुमची,
रागिणी


अमरावती
१२ जानेवारी २०२५

प्रिय रागिणीताई,
सप्रेम जयभीम.

दीक्षाचं हुकलं. फोनवर प्राजक्ताला कळलं असेलच. फार नाही, दशांशांत हुकलं. शेवटच्या दहा फैरींपर्यंत ती होती, मग एक छर्रा आठच्या गोलात गेला आणि त्यानंतर तिचा चेहराच बदलला. मी मागे खुर्चीवर बसून बघत होते. शेजारच्या रांगेत एक मुलगी होती, तिची रायफल कोरी, आणखी एक राखीव पेटीत. तिची आई स्वेटर विणत होती. मला त्या बाईचा राग आला, आणि मग माझाच.

घरी आल्यावर दीक्षानं पेटी कपाटाच्या वर टाकली. आठ दिवस झाले, ती रेंजवर गेलेली नाही. मी काही म्हणत नाही. पुढचं वर्ष मोठ्यांच्या गटात, तिथले गुण आणखी चढे. ह्यांनी काल रात्री जेवता जेवता म्हटलं, "चंदा, पुरे झालं आता." हे कधी असं बोलत नाहीत.

ताई, विकून टाका. भाव आहे तोवर विका. प्राजक्ताच्या ॲडमिशनला तुमचे उपयोगी पडतील, आमचे दीक्षाच्या कॉलेजला. तुम्ही आमच्यासाठी वर्षभर घरात खोटं वागलात, आता ते ओझं उतरवा. मी फार दमले आहे. शिक्का, गुण, परवानगी, जकात हे शब्द मला आता ऐकायचे नाहीत. मला ड्युटीवरून येऊन चहा घ्यायचा आहे आणि कुणीही रडत नाही असं घर हवं आहे.

पेटी सोबत आहे. परत पाठवू नका.

तुमची,
चंदा


अकोला
२४ जानेवारी २०२५

प्रिय चंदाताई,
सप्रेम नमस्कार.

पेटी आली त्याच संध्याकाळी मी छतावर गेले. आवाज ऐकवायचा म्हणून नाही. तुम्ही विका म्हणाला होतात, आता कुणाला काय ऐकवायचं? मला मारायची होती म्हणून गेले.

प्राजू जिन्यात नव्हती, तिला मीच खाली अभ्यासाला बसवलं होतं. त्यामुळे भाऊजी वर आले ते मला कळलंच नाही. पुण्याचा माणूस रविवारी येतोय, हे सांगायला आले होते. मी छर्रा सोडला, मान वळवली, तर ते जिन्याच्या दारात उभे.

"वहिनी? तुमी? प्राजू कुठी हाये?"

"खाली. अभ्यास करून राह्यली."

"मंग हा रोजचा आवाज कोनाचा व्हता?"

"माहा."

"कवापासून?"

"मागच्या फेब्रुवारीपासून."

ते टाकीच्या कट्ट्यावर बसले. मग म्हणाले, "म्हणजे वर्षभर मले येड्यात काढलं तुमी." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"वहिनी, समजून घ्या. असा भाव पुन्हा भेटनार नाही. उद्या बाहेरून माल याले लागला तं ह्या पेटीले कोनी इचारनार नाही."

"नाही इचारलं तं नाही," मी म्हटलं. "भाऊजी, प्राजूच्या ॲडमिशनले मी माह्या वाट्याच्या शेताच्या मक्त्याचे पैसे देतो. पण हे विकू नका. मले पाह्यजे."

ते उठले, भिंतीजवळ गेले, कागद काढून उजेडात धरला. मला वाटलं, फाडतात आता. त्यांनी तो आधी सरळ, मग उलटा करून बघितला. "हे तुमी मारलं?" मी मान हलवली. त्यांनी कागदाची घडी केली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि जिन्याकडे जाता जाता म्हणाले, "दादाले शबुद देल्ला व्हता, घरात मारनारं हाये तवरक विकाची नाही. हाये तं मंग." खाली गेल्यावर त्यांनी पुण्याला फोन केला. मी वरून ऐकत होते. "नाही, नाही, भावाचं नाही. घरचं मानूस वापरून राह्यलं," म्हणाले.

ताई, तुमच्या थकव्याला माझ्याकडे औषध नाही. तुम्ही पुरे म्हणालात, ते खरंच आहे. दीक्षाला उठ म्हणायचा मला हक्क नाही, प्राजूला मी म्हटलं नाही तर तिला कसं म्हणू? पण तुमच्या पत्रातलं एक मला मान्य नाही. मी तुमच्यासाठी खोटं वागत होते हे आधी खरं होतं, दिवाळीपासून नाही. मार्चमध्ये इथे जिल्ह्याची स्पर्धा आहे, पंचेचाळीसच्या वरच्या बायकांचाही गट आहे म्हणे. मी नाव दिलं. आजवर कुणी विचारलं नाही आणि मीही कधी सांगितलं नाही, मला काय हवं ते. हे पहिलंच.

रायफल अर्धी तुमची आहे, म्हणून एक तारखेला सुगतभाऊंच्या गाडीनं पेटी पाठवते. दीक्षाला विचारा. ती मारणार नसेल तर दुसऱ्या दिवशी परत पाठवा, मला प्रॅक्टिस कमी पडते. आणि मारणार असेल तर तिला नीट सांगा, या वेळी हिरव्या टेपवाली मुलगी नाही, मी आहे. पंधरा तारखेला मला रायफल परत पाहिजे, एक दिवस उशीर चालणार नाही.

तुमची,
रागिणी